धानाची बांधी, ट्रॅक्टर आणि डावा पाय

मृगाच्या सरी येऊन गेल्या, पऱ्हे टाकून झाले आणि आर्द्रा-पुनर्वसूच्या पावसाने बांध्या भरू लागल्या, की चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात शेतकऱ्याला उसंत म्हणून राहत नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. तथापि वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील शेतीची रीत एकच राहिली. चोहीकडे जंगल, मधूनमधून मालगुजारी काळातील तलाव, तलावांच्या खाली सिहार व मोरांड जमिनीच्या लहान लहान बांध्या आणि त्या बांध्यांतून डोलणारे धान, हे येथील शेतीचे स्वरूप होय.

या शेतीत चिखलणीचे महत्त्व सर्वश्रुत आहे. चिखलणी नीट झाली, म्हणजे बांधीतील पाणी खाली झिरपण्याचे प्रमाण घटते, तण दबते आणि रोपाची मुळे मऊ मातीत लवकर स्थिरावतात. मात्र हे काम वेळेवर झाले पाहिजे. पऱ्हे साधारणपणे २१ ते २५ दिवसांचे झाले, की रोवणी उरकावी लागते. त्याहून वय वाढलेल्या रोपांना फुटवे कमी येतात आणि तेवढ्या प्रमाणात उत्पन्न घटते. सबब जुलै महिन्यातील एकेक दिवस हा पोत्यांत मोजण्याजोगा असतो.

पूर्वी हे काम बैलजोडी आणि हल्ये करीत असत. आज पुष्कळ गावांतून ते ट्रॅक्टरकडे गेले आहे. भारतातच बांधलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्ये फरिदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडला. त्यापूर्वीच, १९५५ मध्ये, नर्मदाकाठी बुदनी येथे ट्रॅक्टर चालविण्याचे व दुरुस्तीचे शिक्षण देणारे केंद्र सुरू झाले होते. यंत्र येण्याबरोबर ते वापरण्याचे ज्ञानही आले पाहिजे, ही दृष्टी त्यामागे होती. परंतु सर्वांनाच असे शिक्षण लाभते असे नाही. बैल हाकण्याची विद्या बापाकडून मुलाकडे आली. ट्रॅक्टर चालविण्याची विद्या मात्र अनेकांनी कोणाच्या तरी शेजारी बसून, पाहून पाहून उचलली आहे. अशा रीतीने उचललेल्या विद्येत जे दोष राहतात, त्यांपैकी क्लचच्या वापरातील दोष हे सर्वांत खर्चाचे, आणि प्रसंगी प्राणावर बेतणारे ठरतात.

क्लचचे कार्य

क्लच म्हणजे इंजिन आणि गिअर यांच्यामधील जोड होय. इंजिनाच्या मागील जड चाकास फ्लायव्हील म्हणतात. या फ्लायव्हीलला क्लच प्लेट लागून असते आणि तिच्या मागून प्रेशर प्लेट स्प्रिंगांच्या जोराने तिला दाबून धरते. हा दाब पूर्ण असेल तर तिन्ही भाग एकजीव होऊन फिरतात व इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचते. पेडल पायाने दाबले, की रिलीज बेअरिंग पुढे सरकते, स्प्रिंगांचा दाब सुटतो, प्लेट मोकळी होते आणि चाकांकडे जाणारी शक्ती थांबते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. पेडल पूर्ण वर असताना प्लेट झिजत नाही, कारण तेथे घसरणे नाही. पेडल पूर्ण खाली असतानाही प्लेट झिजत नाही, कारण तेथे स्पर्श नाही. तेव्हा भार पडतो तो फक्त बेअरिंगवर. झीज होते ती या दोहोंच्या मधल्या अवस्थेत. त्या अवस्थेत फ्लायव्हील वेगाने फिरत असते, प्लेट तिच्या मागे घसरत असते आणि घर्षणाने उष्णता निर्माण होते. ट्रॅक्टर जागेवरून हलविताना ही अवस्था क्षणभर येणे अटळ आहे. ती लांबविणे मात्र चालकाच्या हाती, किंबहुना पायी, असते.

पेडलवर विसावलेला पाय

सर्वांत अधिक आढळणारा दोष म्हणजे काम चालू असताना डावा पाय क्लचच्या पेडलवर ठेवून देणे. चालकाला वाटते, की पाय नुसता टेकलेला आहे. त्याने पेडल दाबलेले नाही. परंतु पायाचे स्वाभाविक वजन आणि बांधीतील हिसके यांमुळे पेडल थोडेबहुत खाली जातेच. प्रत्येक पेडलला आरंभी काही मोकळी चाल ठेवलेली असते. ती चाल पायाच्या वजनाने संपली, म्हणजे बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना टेकून अखंड फिरू लागते. त्यातील ग्रीस तापून निघून जाते व बेअरिंग आवाज करू लागते. पाय आणखी थोडा दबला, तर स्प्रिंगांचा जोर कमी होऊन प्लेट घसरू लागते.

एका हाताने बैलाला तुतारी टोचावी आणि दुसऱ्या हाताने त्याचाच कासरा ओढून धरावा, असा हा प्रकार आहे. कोणताही शहाणा शेतकरी आपल्या बैलाशी असे वागणार नाही. बैलाची धाप डोळ्यांना दिसते. क्लचची धाप दिसत नाही, एवढाच काय तो भेद. यास्तव पेडलचे काम संपताच डावा पाय खाली पायफळीवर आणावा. ही सवय पहिल्या आठवड्यातच लागली, तर ती जन्मभर पुरते.

मोटारसायकलची सवय

गावातील तरुण बहुधा प्रथम मोटारसायकल शिकतो आणि मग ट्रॅक्टरवर बसतो. मोटारसायकलवर तो क्लचची मूठ अर्धवट धरून गर्दीतून, खड्ड्यांतून आणि चढावरून गाडी हळूहळू नेण्यास शिकलेला असतो. तीच हातोटी तो पुढे ट्रॅक्टरवर, किंवा मोटारीवर, पायाने वापरू पाहतो आणि तेथेच फसतो.

याचे कारण रचनेत आहे. आपल्याकडील बहुतेक मोटारसायकलींचा क्लच अनेक प्लेटांचा असून तो तेलात बुडालेला असतो. तेल उष्णता वाहून नेते, म्हणून तो काही काळ घसरणे सहन करतो. मोटारीचा व बहुतेक ट्रॅक्टरांचा क्लच कोरडा असतो. त्याची उष्णता वाहून नेणारे तेल तेथे नसते. उलट तेल लागले तर तो निकामी होतो. शिवाय दीडशे किलोच्या मोटारसायकलीचा भार आणि चिखलात रोटाव्हेटर ओढणाऱ्या दीड-दोन टनांच्या ट्रॅक्टरचा भार यांची तुलनाच होऊ शकत नाही. म्हणून ट्रॅक्टरचा वेग कमी करावयाचा असल्यास तो अर्ध्या क्लचने करू नये. खालचा गिअर निवडावा आणि हातातील थ्रॉटलने इंजिनाची गती बेताची ठेवावी. योग्य गिअर काम सुरू करण्यापूर्वीच टाकावा. ओढ पडल्यावर गिअर जड वाटला, तर ट्रॅक्टर थांबवून तो बदलावा. क्लच घसरवून वेळ मारून नेऊ नये.

लहान बांधी, पुष्कळ वळणे

या दोन जिल्ह्यांत क्लचवर पडणारा ताण काळ्या जमिनीच्या सपाट प्रदेशापेक्षा अधिक का असतो, हे साध्या हिशेबाने समजते. ३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद अशी एक बांधी घ्या. दीड मीटर रुंदीच्या अवजाराने ती एकदा उरकावयाची, तर सुमारे १३ वळणे घ्यावी लागतात. अशा साधारण पावणेसात बांध्यांचा एक एकर होतो. म्हणजे एका एकरात एका पाळीस जवळजवळ ९० वळणे झाली. याउलट १२० मीटर लांबीचे सलग एक एकर शेत असेल, तर तेवढ्याच रुंदीच्या अवजाराला अवघी २२ ते २३ वळणे पुरतात. चिखलणीच्या दोन पाळ्या धरल्या, तर आपल्या बांध्यांतील वळणे पावणेदोनशेच्या घरात जातात.

प्रत्येक वळणावर चालकाने क्लच अर्धवट दाबला, तर दिवसाअखेर प्लेटची काय अवस्था होईल याची कल्पना करावी. वास्तविक साध्या वळणास क्लचची गरजच नसते. वळण जवळ येताच थ्रॉटल कमी करावे, हायड्रॉलिकच्या दांडीने अवजार उचलावे, वळावे, अवजार पुन्हा टेकवावे आणि मग थ्रॉटल वाढवावे. थांबावयाचे किंवा मागे घ्यावयाचे असेल, तेव्हाच पेडल दाबावे; आणि दाबावयाचे तर ते पूर्ण दाबावे.

ज्या ट्रॅक्टरांना दुहेरी क्लच असतो, त्यांत पेडलचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात चाके थांबतात, परंतु रोटाव्हेटर फिरविणारा मागील दांडा चालूच राहतो. पेडल तळापर्यंत गेल्यावर तोही थांबतो. ही सोय उपयुक्त खरी. परंतु चाके थांबली म्हणजे रोटाव्हेटरही थांबला, असा समज घातक आहे. पात्यांत अडकलेले गवत किंवा दोर काढण्यापूर्वी इंजिन बंदच केले पाहिजे.

रुतलेला ट्रॅक्टर आणि सुटलेला पाय

आतापर्यंत खर्चाची गोष्ट झाली. आता प्राणाची.

असा प्रसंग कल्पनेत आणावा. तिसरा प्रहर टळला आहे, आभाळ भरून आले आहे, रोवणीची टोळी धुऱ्यावर खोळंबली आहे आणि ट्रॅक्टरची मागील लोखंडी चाके बांधीच्या खोल कोपऱ्यात रुतून बसली आहेत. कोणी तरी म्हणतो, “बाबू, चाकाखाली लाकूड बांध आणि एकदम सोड.” चालक थ्रॉटल पूर्ण चढवितो आणि क्लचवरील पाय झटकन उचलतो.

या क्षणी काय घडते? इंजिनाचा सर्व जोर, आणि फ्लायव्हीलमध्ये साठलेली शक्तीसुद्धा, एकदम मागील धुरीवर येते. चाके फिरू शकली, तर ट्रॅक्टर पुढे जातो. चाके चिखलाने वा बांधलेल्या लाकडाने जखडलेली असतील, तर ती फिरत नाहीत. मग ट्रॅक्टरचे धडच मागील धुरीभोवती फिरू लागते. पुढील चाके वर उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालकाला घेऊन मागे उलटतो. सुमारे पाऊण सेकंदात तो अशा ठिकाणी पोहोचतो, की तेथून त्याला परत आणता येत नाही. आणि सुमारे दीड सेकंदात तो जमिनीवर आपटतो. मनुष्याला धोका कळून त्याचा पाय पेडलपर्यंत पोहोचण्यास बहुधा याहून अधिक वेळ लागतो.

यास्तव पुढील नियम चालकाने आणि मालकानेही कसोशीने पाळावेत.

१. रुतलेल्या ट्रॅक्टरच्या चाकास लाकूड किंवा दगड बांधून तो पुढे काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

२. प्रथम अवजार उचलावे अथवा सोडावे आणि ट्रॅक्टर मागे घेऊन काढण्याचा प्रयत्न करावा. मागे घेताना इंजिनाचा जोर पुढील भागाला खाली दाबतो, म्हणून तो मार्ग अधिक सुरक्षित असतो.

३. तरीही न निघाल्यास चाकांपुढील व मागील चिखल फावड्याने काढावा, किंवा दुसरा ट्रॅक्टर बोलवावा. ओढण्याचा साखळदंड नेहमी खालच्या ड्रॉबारलाच बांधावा. धुरीला किंवा त्याहून वरच्या भागास तो बांधल्यास ओढणाराच ट्रॅक्टर उलटू शकतो.

४. क्लच सोडताना पाय सावकाश व सारख्या गतीने वर आणावा. पुढील चाके हलकी झाल्याचे जाणवताच पेडल पूर्ण दाबावे.

५. उंच धुरा सरळ चढून ओलांडू नये. धुऱ्यास उताराची वाट करून घ्यावी. चढ तीव्र असेल तर तो मागे घेत चढावा.

६. चालकाखेरीज कोणीही, विशेषतः मुलांनी, मडगार्डवर बसू नये. ट्रॅक्टरला संरक्षक कमान असल्यास ती काढून ठेवू नये व पट्टा बांधावा.

एक तास उशीर झाला, तर रोवणी उद्या होते. गेलेला मनुष्य उद्या येत नाही.

उतारावर इंजिन सोडू नये

कोरची, धानोरा, एटापल्ली, भामरागड या डोंगराळ तालुक्यांतून रस्ते चढउताराचे आहेत. धानाच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली घेऊन उतरताना डिझेल वाचविण्यासाठी क्लच दाबून किंवा गिअर काढून ट्रॅक्टर घरंगळू देण्याची खोड काही चालकांना असते. यात वाचणारे डिझेल क्षुल्लक. ओढवणारा धोका मोठा. गिअर लागलेला असताना इंजिन स्वतःच चाकांना आवरून धरते. क्लच दाबला, की तो आवर सुटतो आणि सर्व भार ब्रेकवर येतो. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल, तर ती ट्रॅक्टरला मागून रेटते व आडवी घालते. जो चढ ज्या गिअरमध्ये चढावा लागला असता, तो उतार त्याच गिअरमध्ये उतरावा आणि तो गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच टाकावा. रस्त्यावर जाताना ब्रेकची दोन्ही पेडले खिटीने एकत्र जोडलेली असावीत. चढावर थांबावे लागल्यास ब्रेक लावून थांबावे. अर्ध्या क्लचवर ट्रॅक्टर तोलून धरू नये. मोटार आणि जीप चालविणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे.

लहान बांध्यांसाठी पॉवर टिलर वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सपाटीवर डावीकडील वळणाचा क्लच दाबला, की टिलर डावीकडे वळतो. तीव्र उतारावर मात्र मोकळे झालेले चाक अधिक वेगाने घरंगळते आणि टिलर उलट दिशेस वळतो. म्हणून उतारावर वळणाच्या क्लचचा वापर शक्यतो टाळावा व वेग अगदी कमी ठेवावा.

चिखलाचे पाणी

क्लचच्या पेटीच्या तळाशी एक छिद्र असते. आत झिरपलेले तेल वा पाणी त्यातून बाहेर पडावे, हा त्याचा हेतू होय. परंतु चिखलणीत हेच छिद्र पाणी आत येण्याचे दार बनते. म्हणून बऱ्याच ट्रॅक्टरांसोबत त्यासाठी बूच दिलेले असते. चिखलणीपूर्वी ते बसवावे आणि चिखलणी संपताच काढून आतील पाणी निथळू द्यावे. हंगामानंतर बूच तसेच राहिले, तर आत साचलेले तेल प्लेटवर उडून ती घसरू लागते.

पाणी शिरलेला ट्रॅक्टर पुढे महिनोन्महिने उभा राहिला, तर गंजामुळे प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसते. अशा वेळी पेडल दाबूनही गिअर पडत नाही. ट्रॅक्टर दीर्घकाळ उभा ठेवावयाचा असल्यास पेडल दाबून खिटीने अडकवून ठेवावे, म्हणजे प्लेट मोकळी राहते. काही ट्रॅक्टरांना अशी खिटी मुद्दाम दिलेली असते.

वेळीच ओळखावे

क्लच एका दिवसात जळत नाही. तो आधी सूचना देतो. इंजिनाचा आवाज चढतो, पण ट्रॅक्टरचा वेग वाढत नाही. भारावर जळका वास येतो. ही प्लेट घसरत असल्याची चिन्हे होत. पेडल पूर्ण दाबूनही गिअर टाकताना कर्कश आवाज झाला, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. पेडल दाबताच घरघर ऐकू आली, तर दोष बहुधा बेअरिंगचा असतो.

यांपैकी पहिल्या दोन दोषांचे मूळ पुष्कळदा पेडलच्या मोकळ्या चालीत सापडते. चाल फार कमी असेल तर क्लच घसरतो. फार अधिक असेल तर तो सुटत नाही. प्लेट झिजते तशी ही चाल कमी होत जाते. ती किती असावी, हे प्रत्येक ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. इंजिन बंद करून, पेडलशेजारी पट्टी धरून, पेडल हाताने जड लागेपर्यंत दाबावे आणि अंतर मोजावे. हे काम पाच मिनिटांचे आहे. मृगापूर्वी एकदा आणि हंगामात अधूनमधून ते अवश्य करावे.

या पाच मिनिटांचे मोल कशावरून ठरते? बहुतेक ट्रॅक्टरांची क्लच प्लेट बदलण्यासाठी ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत सोडावा लागतो. असे काम बांधीत होत नाही. त्याला मिस्त्री, साहित्य आणि कोरडी जागा लागते. भामरागडसारख्या ठिकाणी, जेथे पर्लकोटेच्या पुराने पावसाळ्यात संपर्क वारंवार तुटत आला आहे, तेथे जुलैत जळलेला क्लच म्हणजे हातचा हंगाम जाण्याचाच प्रकार. शिवाय भाड्याने चालणारा एक ट्रॅक्टर बंद पडला, तर त्यावर अवलंबून असलेल्या अनेक कुटुंबांचे पऱ्हे एकाच वेळी वाढून बसते.

म्हणून ट्रॅक्टर भाड्याने देणारे मालक, अवजारे बँका चालविणारे शेतकरी गट आणि बचत गट यांनी चालकाची निवड करताना त्याने किती एकर उरकले एवढेच न पाहता, त्याचा डावा पाय कोठे असतो हेही पाहावे. सिंदेवाही आणि सोनापूर (गडचिरोली) येथील कृषी विज्ञान केंद्रांशी, तसेच आपल्या तालुका कृषी अधिकारी कार्यालयाशी संपर्क साधून यंत्रांच्या निगेविषयी माहिती घेता येईल.

आपल्या वाडवडिलांनी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तुपा-हळदीने शेकले. वर्षभर जू वाहणाऱ्या खांद्याची ती कृतज्ञ निगा होती. ट्रॅक्टरला खांदा नाही; परंतु त्याचाही भार एके ठिकाणी पेलला जातो आणि ते ठिकाण चालकाच्या डाव्या पायाखाली आहे. तो पाय जपून टाकावा, सावकाश उचलावा आणि काम संपताच बाजूला घ्यावा. धान वेळेवर रोवले जाईल, आणि रोवणारे सुखरूप घरी येतील.